अडलेली पायरी

जीवरसायनशास्त्राच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: 'प्युरीन न्यूक्लिओटाइडची निर्मिती लिहा.' मग आपण पाढे म्हणावेत तशा दहा पायऱ्या ओळीने उतरवतो. आठव्या पायरीवर 'आयकार' तयार होतो, नवव्या पायरीवर त्याला एक कार्बन मिळतो, दहावीला वलय मिटते. नावे बिनचूक लिहिली की गुण पदरात! माझा आक्षेप या प्रश्नालाच आहे.

आयकारचा माग कोणाला पायऱ्या मोजताना लागला नाही. १९४५ साली स्टेटन आणि फॉक्स यांना सल्फा औषधाने वाढ खुंटलेल्या ई. कोलाय जंतूंच्या द्रवात एक अनोळखी अमाइन साचलेले आढळले. १९४७ मध्ये शाइव्ह व सहकाऱ्यांनी ते ओळखले. तो आयकारचाच गाभा होता, फक्त रायबोज-फॉस्फेट नसलेला. प्युरीनचे दुहेरी वलय जवळजवळ पुरे झालेले आणि नेमकी एका कार्बनची जागा रिकामी!

तो कार्बन आला का नाही? जंतू फोलेट स्वतः बनवतात आणि सल्फा औषध तेच अडवते. नवव्या पायरीचा कार्बन फोलेटच वाहून आणते. हमालच नाही, तेव्हा माल धक्क्यावर पडून राहिला. आपल्याला फोलेट अन्नातून मिळते, म्हणून त्या औषधाने आपल्या पेशींचे हे काम अडत नाही.

फोलेटच्या शोधाचा एक धागा तर मुंबईत आहे. तेथील गिरणी कामगार स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, हे ल्युसी विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला. (त्या रक्तक्षयात प्युरीनपेक्षा थायमिडीनची अडचण मोठी, हेही सांगितले पाहिजे.) आपल्या वह्यांत यातले काहीच नसते.

तेव्हा प्रश्न असा विचारावा: 'जंतूंना सल्फा औषध दिल्यास काय साचेल, आणि का?' पायऱ्या ठाऊक नसतील तर याचे उत्तर देता येणार नाही, म्हणजे पाठांतरही वाया जात नाही. तपासायला वेळ लागेल, ही प्राध्यापकांची तक्रार खरी आहे. एकसारख्या उत्तरांवर खुणा करणे केव्हाही सोपे. पण महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेत, निदान पाच गुणांपुरता, हा बदल करायला विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट कशाला पाहायची?