पिळावर उलटा पीळ

शिवतांना दोरा तुटला म्हणजे दोष सुईस दिला जातो, क्वचित् दुकानदारासही. दोऱ्याची घडण मात्र कोणी पाहत नाहीं. तीच आज आम्ही विचारार्थ घेत आहों.

कापसाचे तंतू मुळांत आखूड. पीळ दिल्यानें ते एकमेकांस धरून राहतात व एकेरी सूत होतें. परंतु ह्या सुताची ओढ उलगडण्याकडे असते. ढिलें सोडतांच त्याचीं वेटोळीं होतात. अधिक पिळावें तर बळ वाढतच जाईल, हा समज खरा नव्हे. मर्यादेबाहेर पिळलेलें सूत लवकर तुटतें. उपाय निराळा आहे. दोन सुतें एकत्र घेऊन त्यांस उलट दिशेनें पीळ द्यावा. दोन्ही ओढी परस्परांस आवरतात व दुपदरी दोरा शांत राहतो. अशा दोऱ्यांचे तीन पेड घेऊन पुनः पहिल्या दिशेनें वळले, कीं जें सिद्ध होतें त्यास ‘केबल-सूत’ म्हणतात. केबल म्हणजे मूळचा जहाजाच्या नांगराचा जाड दोर. तोही असाच पेडांचे पेड घालून वळीत.

१८४६ सालीं एलियास हाऊ ह्यांनीं शिवणयंत्राचें पेटंट घेतलें. पुढें यंत्रें पसरलीं, तेव्हां हातशिलाईचा तिपदरी दोरा त्यांच्या वेगापुढें टिकेना. म्हणून दुपदरी तीन पेडांचा सहापदरी दोरा आला. तो अधिक गोल व एकसारखा असल्यानें नेढ्यांतून सुरळीत जाई. मोटारीच्या टायरांतही प्रथम कॅनव्हास असे. त्यांतील उभे-आडवे धागे एकमेकांवर घासून झिजत. त्यांच्या जागीं पेडांचे दोर समांतर मांडूं लागल्यावर टायर अधिक टिकूं लागले. आज कापसाची जागा बहुतेक ठिकाणीं नायलॉन-पॉलिएस्टरनें घेतली आहे. पीळ-उलटपिळाचा नियम मात्र तोच आहे.

आपल्या घरांस तरी तो नवा कोठें आहे? जानव्याचें सूत तिहेरी करून एका दिशेनें वळावें, मग पुनः तिहेरी करून उलट वळावें, म्हणजे नऊ तंतू होतात, अशी परंपरा आहे. नऊ तंतूंच्या नऊ देवता आपण मुलांस सांगतों. वळण्याची रीत मात्र, जानवीं विकत आणूं लागल्यापासून, घराघरांतून नाहींशी होत आहे. मुंजीच्या दिवशीं बटूनें ‘उलट कां वळावयाचें?’ असें विचारल्यास ‘शास्त्र आहे’ एवढें म्हणून त्यास गप्प बसवूं नये. त्याच्या हातीं थोडें सूत द्यावें, एकदां सरळ व एकदां उलट वळावयास सांगावें, आणि दोन्ही सोडून पाहूं द्यावे. उत्तर त्याचें त्यालाच सांपडेल, आणि तें तो सहसा विसरणार नाहीं.