दत्तकाच्या वाटेवरील दलाल

खारघरमधील एखादे अपत्यहीन दांपत्य मूल दत्तक घेण्याचा विचार बोलून दाखवू लागले, की पक्षाच्या ओळखीच्या कार्यकर्त्याला ते हमखास एक प्रश्न विचारते : चांगला वकील कोण? प्रश्न प्रामाणिक असतो. सिडकोच्या घराच्या कागदपत्रांना वकील लागला, तेव्हा मुलासाठीही तोच लागेल, ही समजूत स्वाभाविक आहे. परंतु याच समजुतीच्या आडून दलाल घरात शिरतो. कधी तो वकिलाचा माणूस असतो, कधी प्रसूतिगृहाचा. पनवेलला दत्तकपत्र नोंदवून देतो, पंधरा दिवसांत काम होईल, रक्कम तेवढी रोख, असे तो सांगतो. आणि वर्षानुवर्षे वाट पाहून थकलेल्या माणसांना तो देवदूत वाटतो.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याखाली नात्यागोत्यातील मूल दत्तकपत्राने घेता येते, हे खरे. पण त्याच कायद्याच्या सतराव्या कलमाने दत्तकाच्या मोबदल्यात पैसे देणे-घेणे हा गुन्हा ठरवला आहे. अनाथ, टाकून दिलेले किंवा पालकांनी रीतसर स्वाधीन केलेले मूल घ्यावयाचे तर २०१५ च्या बालन्याय कायद्याचा मार्ग धरावा लागतो. मूल विकणारा आणि विकत घेणारा, दोघांनाही या कायद्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. रुग्णालयातील कर्मचारी त्यात सामील असेल तर सात वर्षांपर्यंत. दलाल ही कलमे सांगत नाही.

मग योग्य व्यावसायिक कोण? मान्यताप्राप्त दत्तक संस्थेतील प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, म्हणजे ‘कारा’कडे, नोंदणी झाल्यावर गृहभेटीचा अहवाल तीच लिहिते. ती घरातील वृद्ध सासूशी बोलते, मूल न झाल्याचे दुःख पतिपत्नींनी पचवले आहे काय हे पाहते, मुलाला त्याचा जन्म केव्हा व कसा सांगणार असे विचारते. मूल घरी आल्यावर दोन वर्षे पाठपुरावा होतो. तिचे प्रश्न अनेकांना टोचतात. टोचलेच पाहिजेत, कारण ती दांपत्याच्या वतीने मूल शोधत नसते, मुलाच्या वतीने घर तपासत असते. जो कोणी एकही अडचणीचा प्रश्न न विचारता मूल आणून देण्याची हमी देतो, संस्थेचे मान्यतापत्र दाखवत नाही, पैशांची पावती देत नाही, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे. वकिलाचे काम आहे, पण ते आदेशाच्या अर्जापुरते.

या व्यवहारात आणखी एक व्यक्ती असते, जिचा विचार खारघरच्या दिवाणखान्यात सहसा होत नाही : जन्मदात्री. ती बहुधा अविवाहित मुलगी असते, किंवा हेच मनोरे बांधणाऱ्या मजुरांपैकी एखादी परित्यक्ता. मूल स्वाधीन केल्यावर निर्णय फिरवण्यासाठी कायदा तिला साठ दिवस देतो. दलाल हेच साठ दिवस काही हजार रुपयांत विकत घेतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते अशाच स्त्रियांसाठी. तेथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले, तेव्हा आईची अब्रू आणि मुलाचा जीव या दोन्हींची काळजी त्यांनी एकत्रच वाहिली होती.

पुढच्या काळाचा इतिहास इतका अभिमानाचा नाही. सर्व धर्मीयांसाठीचे दत्तक विधेयक १९७२ साली राज्यसभेत आले आणि १९७८ मध्ये, समाजवादी मंडळी सत्तेत असताना, मागे घेतले गेले. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी पालकांना मूल कायद्याने आपले म्हणण्यासाठी बालन्याय कायद्याची वाट पाहावी लागली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी खटल्यात त्यावर शिक्कामोर्तब केले. परदेशी दत्तकातील गैरव्यवहारांना १९८४ साली आळा घालू पाहणारा न्या. भगवतींचा निवाडाही एका वकिलाने न्यायालयाला लिहिलेल्या पत्रातून निघाला, हे वकिलीच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

दलालाचे बळ मात्र सरकारी अनास्थेत आहे. २०२४-२५ मध्ये साऱ्या देशात ४५१५ दत्तकविधाने झाली, आणि तो उच्चांक मानला गेला. लहान, निरोगी मुलासाठी तीन वर्षांहून अधिक थांबावे लागते. खारघर रायगड जिल्ह्यात असल्याने येथील माणसाला जिल्ह्याच्या कार्यालयासाठी अलिबाग गाठावे लागते. जिल्हा बाल संरक्षण कक्षातील कर्मचारी कंत्राटी आहेत. ज्या समाजकार्यकर्तीने एका मुलाच्या साऱ्या आयुष्याचा अहवाल लिहायचा, तिला स्वतःच्या पुढच्या वर्षाच्या नोकरीची शाश्वती नाही. पनवेल महानगरपालिका २०१६ साली स्थापन झाली. तिच्या हद्दीत बाल संरक्षण कक्षाची शाखा उघडावी आणि तेथील पदे कायम करावीत, ही मागणी तालुका शाखांनी हाती घ्यावी. तोवर ‘चांगला वकील कोण’ असे विचारणाऱ्या दांपत्याला कार्यकर्त्याने आधी ‘कारा’च्या नोंदणीचा अर्ज सोबत बसून भरून द्यावा.