कशावरून?

मंडळी, धाकट्या भावाच्या मांडीत सॉफ्ट टिश्यू सारकोमा निघाला आणि माझ्या मोबाईलवर गुळवेल, गोमूत्र, बेकिंग सोड्याचा पूर आला. पाठवणारे आपलेच, शिकलेले! पण ‘नेमका कोणता प्रकार?’ असं एकानेही विचारलं नाही. अहो, स्नायू, चरबी, नसा यांत होणाऱ्या या कॅन्सरचे ५० हून अधिक प्रकार आहेत, आणि मोठ्या माणसांच्या १०० कॅन्सरांत हा जेमतेम एखादा. मग सगळ्यांना एकच काढा?

राग त्या डॉक्टरांचाही येतो. ‘चरबीची गाठ’ म्हणाले आणि एमआरआय न करताच कापून मोकळे झाले. ५ सेंटिमीटरहून मोठी, खोलवरची, वाढत जाणारी गाठ आधी तपासायची असते. बायोप्सीचा तुकडा कुठून घ्यायचा, हेसुद्धा पुढचं ऑपरेशन डोळ्यांसमोर ठेवून ठरवतात.

खरी माहिती पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात असते. स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या, परळला टाटा हॉस्पिटलात पुन्हा तपासून घ्या. १९४१ पासून ते उभं आहे, पुण्याहून काही लांब नाही.

असो. शाळेत निबंधावर मी लाल शाईने ‘कशावरून?’ लिहायचो. परवा मेव्हण्यांच्या फॉरवर्डखाली तेच लिहिलं. ते रुसलेत. रुसू देत.