सपरी तोडली, चाक टांगलं

फुलचूरचं आमचं जुनं घर पाडलं तेव्हा सगळ्यात आधी सपरी गेली. कुणी ओसरी म्हणतं, कुणी पडवी. आमच्याकडे ती सपरी. सागाच्या खांबांवर कवेलूचं उतरतं छप्पर, शेणानं सारवलेला ओटा, कडेला पाण्याचा रांजण. ठेकेदार म्हणाला, ‘‘एवढी जागा वायाच जाते साहेब.’’ मी मान डोलावली. म्हणजे पहिला दोष माझाच.

नव्या घराचं दार सरळ हॉलमध्ये उघडतं. खाली पांढऱ्या गुळगुळीत टाइल्स. पहिल्याच पावसाळ्यात बा रोवण्यावरून आला. पोटऱ्यांपर्यंत चिखल. दारातच थबकला नि म्हणाला, ‘‘पाय कोठी धुवू गा बाबू?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ‘‘मागून ये,’’ म्हणालो. ज्याच्या धानाच्या पैशावर घर उभं राहिलं, तो चोरासारखा मागच्या दारानं घरात शिरला. पुढं एका संध्याकाळी पाऊस अंगावर आला म्हणून समोरूनच आला. ओला पाय टाइलवर पडला, बा घसरला, मनगट मोडलं. तो हंगाम त्यानं खाटेवरून पाहिला.

तेव्हापासून माझं भांडण सुरू आहे.

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. वर्षाला बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. बांधीत उतरल्याशिवाय इथं पोट भरत नाही. चिखल इथं घरचाच माणूस आहे. मग घराच्या नकाशात त्याला जागा का नको? हे नकाशे लिफ्टमधून उतरून घरात शिरणाऱ्यांसाठी काढलेले आणि आपण ते बांधीच्या काठावर आणून बसवतो.

गंमत म्हणजे ज्या शहरांकडे पाहून आपण सपऱ्या पाडल्या, तिथले लोक आता गावठी थाटासाठी पैसे मोजतात. हॉटेलच्या दाराशी बैलगाडीचं चाक, फार्महाऊसच्या भिंतीला कंदील, कोपऱ्यात रिकामा रांजण. चाक फिरत नाही, कंदील जळत नाही, रांजणात पाणी नाही. आता आमच्या गावातले लोकही तेच चाक विकत आणतात. सपरी तोडली, चाक टांगलं! वापरल्याशिवाय वस्तूला रूप येत नाही, हे सारवलेल्या ओट्यावर बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र झाकायची नाही. याच सपरीनं माणसं मोजली. कोण आत, कोण सपरीत, कोण अंगणातच, हे ठरलेलं असे. काही जणांच्या ओंजळीत वरून पाणी ओतताना मी माझ्या आजीला पाहिलं आहे. ती सपरी मला परत नको. पण सपरी पाडून ती रेघ पुसली का? उलट आता मजुरीचा हिशेब फाटकाच्या जाळीतून होतो. पूर्वी निदान काही जण टेकत तरी. आता सगळेच उभे.

‘‘गरिबानं कुठून आणायची जागा?’’ असं विचारतात. प्रश्न खरा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला स्वयंपाकाच्या जागेसकट किमान २५ चौरस मीटर धरलेले आहेत. त्यात सपरी मावत नाही, कबूल. पण दारावर चार-पाच फुटांचा पत्रा नि त्याखाली ओटा एवढं तरी होतं.

बाचं मनगट सांधल्यावर मी सपरी पुन्हा काढली. सहा फूट रुंद. खाली खडबडीत शहाबादी फरशी, फुटाला पाव इंच उतार बाहेरच्या बाजूला. कडेला गुडघ्याइतक्या उंचीवर नळ. पाय धुतलेलं पाणी केळीला जातं. पायऱ्या सहा इंचांच्या, शेजारी धरायला लोखंडी दांडी. बसायचा ओटा दीड फूट उंच, कारण त्याहून खाली बसलं की म्हाताऱ्याला उठवत नाही. जोड्यांची फळी जमिनीपासून वर, कारण पावसाळ्यात विंचू जोड्यात शिरतो. विळ्यांच्या खुंट्या पोरांच्या हाताबाहेर. नि रात्रभर एक दिवा, कारण मण्यार रात्रीच फिरते. खांब जुन्याच सपरीचे. पाडताना मायनं ते गोठ्यात लपवून ठेवले होते. ओट्याच्या कडेला तिनं गेरूची पट्टी ओढली. शोभा म्हणाल तर तेवढीच, आणि ती पुरते.

आता बा समोरून येतो. रोवण्याच्या बायाही तिथंच पाय धुतात, त्याच ओट्यावर बसून चहा पितात, हिशेब मागतात. माय सगळ्यांना एकाच कपबशीतून देते.

तुम्ही घर बांधायला काढाल तेव्हा नकाशावाल्याला हॉल केवढा ते मागाहून विचारा. आधी विचारा, ‘‘पाय कुठं धुवायचे?’’ तो अडखळला, तर नकाशा परत करा.