टॉवर हटवण्याआधी

चाकूरहून लातूर रोडकडे निघा नाहीतर अहमदपूरच्या वाटेला लागा, शेताशेतांतून मोबाइलचे टॉवर उभे दिसतात. नवा टॉवर उभा राहू लागला की गल्लीतून अर्ज निघतो : लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, कॅन्सर होईल, टॉवर गावाबाहेर न्या. न दिसणारी, न विचारता माथ्यावर आणून ठेवलेली गोष्ट माणसाला धास्तावणारच. ही धास्ती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण यंदाचा अंक आरोग्याला वाहिलेला असताना एक गोष्ट स्पष्ट सांगणं आम्हाला आमचं काम वाटतं. टॉवर दूर नेल्याने डोक्यात शिरणाऱ्या लहरी बहुतेक वेळा कमी होत नाहीत, वाढतात.

आधी या लहरी शरीराला नेमकं काय करतात ते पाहू. क्ष-किरण अणूतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि पेशीतला डीएनए तोडू शकतो. त्यासाठी साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झ लहरीच्या एका कणात असते इलेक्ट्रॉन-व्होल्टचा जेमतेम ४ दशलक्षांश भाग, म्हणजे सुमारे २५ लाख पट कमी. म्हणून ‘रेडिएशन’ या एकाच शब्दाखाली दोन्ही बसवणं चूक आहे. मात्र या लहरी शरीराला काहीच करत नाहीत, हेही खरं नाही. त्या पेशींतल्या पाण्याला हलवतात आणि ऊब निर्माण करतात. फिजिओथेरपीत दुखऱ्या सांध्याला डायथर्मीचा शेक देतात, तो २७ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींचाच. सगळ्या शरीरात दर किलोला ४ वॅट शोषले गेले तर तापमान सुमारे एक अंशाने चढतं. आंतरराष्ट्रीय नियमांनी सामान्य माणसासाठी त्याचा पन्नासावा भाग, ०.०८ वॅट, ही मर्यादा ठरवली. टॉवरच्या लहरींसाठी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेचाही दहावा भाग घेतला : ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ०.४५ वॅट. ही कडक मर्यादा आपोआप आलेली नाही. मुंबईच्या आयआयटीतले प्रा. गिरीश कुमार यांनी २०१० साली सरकारला अहवाल देऊन जुने नियम फार ढिले असल्याचं ठासून सांगितलं होतं. टॉवरच्या धोक्याबद्दल त्यांनी काढलेले निष्कर्ष आम्हाला पटत नाहीत, पण जाब विचारल्याने नियम बदलतात, हे त्या काळाने दाखवलं.

टॉवरची लहर अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होते, आणि अँटेनाचा मुख्य झोत आडवा, दूरवर जातो, थेट पायथ्याशी पडत नाही. फोन मात्र कानाला टेकलेला असतो, आणि लहरी तोही सोडतो. किती जोराने सोडायच्या हे टॉवर किती दूर आहे त्यावर ठरतं. दूरच्या माणसाला हाक मारताना आवाज चढवावा लागतो, तसंच हे. स्वीडनमध्ये २००४ साली छापलेल्या मोजणीत खेड्यातले फोन जवळजवळ निम्मा वेळ पूर्ण ताकदीवर चालत होते, शहरातले पाव वेळ. ते जुन्या पिढीचे फोन होते. आजचे फोनही रेंज पाहूनच जोर कमी-जास्त करतात. ज्या तांड्यावर रेंजची एकच काडी दिसते, तिथल्या पोरीच्या कानाशी तिच्या शहरातल्या मावसबहिणीपेक्षा अधिक लहरी पोचत असणार. लेकराच्या काळजीपोटी टॉवर हलवणारे आईबाप हेच तिच्या वाट्याला आणतात.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणून २ब गटात टाकलं. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते नव्हे. पुरावा पक्का असलेल्या पहिल्या गटात तंबाखू आहे, सुपारी आहे. अमेरिकन सरकारच्या २०१८ च्या अहवालात नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या, हा दुसरा आक्षेप अधिक गंभीर. त्या उंदरांना दोन वर्षं, रोज नऊ तास, सगळ्या अंगावर लहरी दिल्या होत्या, आणि सर्वांत जास्त मात्रा माणसाच्या मर्यादेच्या ७५ पट होती. शिवाय लहरी दिलेले नर न दिलेल्यांपेक्षा जास्त जगले. कंपन्यांच्या पैशावर चाललेलं संशोधन, असं या सरकारी अहवालाला कुणी म्हणू शकत नाही. भारतासह १४ देशांतल्या १० ते २४ वयाच्या मुलांचा अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात मेंदूच्या गाठींचा धोका वाढलेला दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या ६३ अभ्यासांच्या २०२४ च्या आढाव्यातही मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध सापडला नाही. ‘उद्या काही निघालं तर?’ या प्रश्नाला शून्य धोक्याची हमी हे उत्तर विज्ञान कधीच देणार नाही. पण रेंज कमी असताना लांब बोलणं टाळावं, इअरफोन लावावा. एवढी सावधगिरी जवळजवळ फुकट मिळते. टॉवरबद्दल शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर शुल्क भरून मोजणी मागता येते. जनरेटरचा धूर, आवाज, घराच्या छतावर आलेला भार या तक्रारी तर वेगळ्याच, आणि पूर्ण रास्त.

कॅन्सरचीच भीती असेल, तर आपल्या शेजारी बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. त्याच रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखलेल्या कर्करोग संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांना घेऊन एक चाचणी केली. २००९ मध्ये निकाल छापला गेला. एचपीव्ही या विषाणूच्या एकदाच होणाऱ्या तपासणीसाठी निवडलेल्या सुमारे ३४ हजार बायकांच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणीसाठी न निवडलेल्या सुमारे ३१ हजारांच्या गटात ६४. आपल्यासारख्याच ज्वारी-तुरीच्या गावांतल्या, शेतात राबणाऱ्या या बायका. टॉवरविरुद्ध ठराव करायला ग्रामसभा भरते, तेव्हा त्याच बैठकीत आरोग्यसेविकेला समोर बसवून विचारावं : आपल्या गावात या वयाच्या बायका किती, आणि त्यातल्या कितींची ही तपासणी झाली आहे?