औषध म्हणावे की विष?

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाखेत पीककर्जाच्या टेबलावर होतो. एकरी खर्चाच्या तक्त्यात बियाणे, खत, मजुरी, कीटकनाशके असे रकाने असत. फवारणीची बिले मी नीट तपासून सही करीत असे. फवारणाऱ्याचे हातमोजे, मास्क, चष्मा यांसाठी रकाना नव्हता; तो का नाही, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात त्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. बातमी वाचताना तो नसलेला रकाना माझ्या डोळ्यांपुढून हलेना. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती. माणूस तिच्यात शिरून फवारी आणि तुषार त्याच्याच तोंडावर, छातीवर पडत.

खेड्यात या द्रव्याला ‘औषध’ म्हणतात. हा शब्दच माणसाला गाफील ठेवतो. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी विषे किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालतात, तसा माणसाच्याही. ती पोटातच जायला हवीत असे नाही. घामेजल्या कातडीतूनही शरीरात भिनतात. दरदरून घाम येतो, लाळ सुटते, नजर अंधुक होते, श्वास कोंडतो. वेळेवर दवाखाना गाठला तर अ‍ॅट्रोपीनच्या इंजेक्शनाने जीव वाचू शकतो. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून घरी पडून राहिले, की ती वेळ निघून जाते.

‘त्यांनीच काळजी घ्यायला हवी होती,’ असे आपण शहरात बसून सहज म्हणतो. डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, सूचनाही असतात, हे खरे. पण डबा मालकाच्या घरी आणि पंप मजुराच्या पाठीवर, अशा वेळी त्या सूचना वाचायच्या कोणी? आणि संध्याकाळी तेच कपडे हातांनी धुणाऱ्या बाईला कोण सावध करणार?

विषासाठी कर्ज मिळते, तर त्यापासून वाचण्याच्या साधनांसाठीही मिळाले पाहिजे. बाटली विकणाऱ्याने हातमोजेही पुढे करावेत. मी आता त्या टेबलावर नाही. आज तिथे बसणाऱ्याने सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : “फवारणार कोण, आणि त्याच्या अंगावर काय असणार?”