साडेआठची उपासना आणि सॅक्रामेंटोचा सामना



सियागंजात किराण्याच्या एका ठोक दुकानात काम करणारा आपल्या मंडळीतला एक तरुण सॅक्रामेंटो किंग्ज या अमेरिकन बास्केटबॉल संघाचा भक्त आहे. भक्त हा शब्द आम्ही विचार करूनच वापरतो. तिकडे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेआठ झालेले असतात. इतर दिवशी दुकानाला निघण्यापूर्वी निदान अर्धा सामना पाहून होतो. पण तिकडचा शनिवार संध्याकाळचा सामना इथे रविवारी, नेमका आपल्या पहिल्या गीताच्या वेळी सुरू होतो. मग मागच्या बाकावर मोबाइल गुडघ्यावर येतो.

काही वडीलधाऱ्यांनी याला मूर्तिपूजा म्हटले. आम्हाला ते पटत नाही.

हा खेळ आपल्याच घरातून निघालेला आहे. कॅनडाच्या जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत सज्जाला पीचच्या दोन टोपल्या लावून तो सुरू केला. नेस्मिथ प्रेस्बिटेरियन होते, ईश्वरविज्ञान शिकलेले होते. त्याच कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीच्या मिशनऱ्यांनी १८८७ मध्ये आपल्या इंदुरात ख्रिश्चन कॉलेज काढले. आणि सॅक्रामेंटो या नावाचा अर्थच मुळी पवित्र संस्कार! पौलानेही करिंथकरांस लिहिताना (पहिले पत्र, अध्याय ९) धावपटूंची थट्टा केली नाही. त्यांचा संयम पाहा, असेच म्हटले.

या तरुणाचा संयम पाहा. २००६ नंतर हा संघ सलग सोळा हंगाम बाद फेरीत पोहोचला नाही. २०१३ मध्ये मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे संघाचे मुख्य मालक झाले, तरी दिवस पालटले नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये संघ मुंबईत दोन सामने खेळला आणि दोन्ही हरला, पहिला तर जादा वेळेत अवघ्या एका गुणाने. २०२३ मध्ये एकदाची बाद फेरी गाठली, तर सातव्या, निर्णायक सामन्यात गोल्डन स्टेटच्या स्टेफन करीने एकट्याने ५० गुण केले. मित्र म्हणाले, आता तरी संघ बदल. त्याने बदलला नाही. एका पाळकांशी पटले नाही म्हणून दुसऱ्या मंडळीत जाऊन बसणारे आपण, त्याला निष्ठा काय शिकवणार?

आणखी एक गोष्ट आहे. संघातल्या पंधरा खेळाडूंपैकी कोणाचा घोटा दुखावला, कोण किती सामने बाहेर बसणार, हे त्याला तोंडपाठ असते. आपल्या मंडळीत गेले तीन रविवार कोण दिसले नाही, कोणाच्या आईचे ऑपरेशन झाले, हे आपल्यापैकी किती जण सांगतील?

एवढे म्हटल्यावर त्यालाही एक सांगायचे आहे. बाळा, त्या पंधरा जणांपैकी एकालाही तुझे नाव माहीत नाही. योहानाच्या दहाव्या अध्यायातला मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो. रविवारी सकाळी तू त्याच्या घरात बसलेला असतोस. सामना अकरा वाजता पुन्हा लावून पाहता येतो, तोवर गुण कळू न देण्याची युक्ती तुम्हा मुलांना आमच्यापेक्षा चांगली येते. पण शेजारच्या बाकावरच्या आजींनी तुझा हात धरून केलेली प्रार्थना पुन्हा लावून पाहता येत नाही.

उपासनेची वेळ पुढे ढकलावी, अशीही सूचना आली आहे. आमचे मत विरुद्ध आहे. सामन्यांच्या वेळा हंगामागणिक बदलतात, त्यांच्या मागे मंडळीने किती धावायचे? मोबाइल दाराशी जमा करून घ्यावेत हेही आम्हाला मान्य नाही. मोठ्या माणसाला शाळकरी मुलासारखे वागवू नये.

त्यापेक्षा आजारी आणि गैरहजर सभासदांची यादी ठेवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. गेली दोन वर्षे ही वही कोणी उघडलेली नाही. तरुण संघाच्या पुढच्या बैठकीत आम्ही हे नाव सुचवणार आहोत. पहिल्या भेटीला त्याच्यासोबत कोण जाईल, ते वडीलधाऱ्यांनी आधी ठरवून यावे.